टर्मिनॉलॉजी सर्व्हरला चुकीचे प्रश्न विचारा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका लॅबच्या यादीत हिमोग्लोबिन पाच वेळा होतं. ‘एचबी’, ‘एचबी टक्के’, ‘हिमोग्लोबिन’, ‘एचबी-सीबीसी’ आणि शेवटी ‘एचबी नवीन’. नवीन म्हणजे कशाच्या मानाने, ते लॅबमधल्या कुणालाही आठवत नव्हतं. या लॅबचे रिपोर्ट वाशीतल्या एका हॉस्पिटलच्या सिस्टिमकडे जायला लागले, तेव्हा तिकडच्या संगणकाला या पाच वेगवेगळ्या तपासण्या वाटल्या आणि एकाच पेशंटचा आलेख पाच तुकड्यांत मोडला. कागदाचा रिपोर्ट ट्रान्स-हार्बरने तासाभरात वाशीला पोचतो आणि तिथले डॉक्टर तो बघून लगेच समजतात. संगणकाला तसं समजत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. त्याचं नाव टर्मिनॉलॉजी सर्व्हिस. प्रत्येक तपासणीला किंवा आजाराला एकच ठरलेला कोड असतो, आणि कुठल्या कोडचा अर्थ काय ते ही सर्व्हिस ज्या सर्व्हरवर चालते तो सांगतो.

वागळे इस्टेट, महापे, ऐरोली भागात हॉस्पिटल आणि लॅबची सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपन्या बऱ्याच आहेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणाऱ्या सरकारी योजनेशी, जोडणी करताना त्यांतल्या प्रत्येकीला हा दुभाषा कधी ना कधी लागतोच. तो बसवण्याचे लेख पुष्कळ सापडतात. तो खरं बोलतो का, हे तपासायचं कसं, ते इथे सांगतो.

सुरुवात आमच्याच फजितीने. पहिल्या प्रोजेक्टमध्ये आम्ही कोड तपासणारी ‘व्हॅलिडेट-कोड’ ही क्रिया वापरली आणि सर्व्हरकडून २०० हा स्टेटस (म्हणजे ‘विनंती नीट पार पडली’) आला की हिरवी टिकली द्यायची, असं लिहिलं. तीन आठवडे सगळं हिरवं. मग एकाने गंमत म्हणून कोडच्या जागी स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. तोही हिरवा! एफएचआयआरमध्ये, म्हणजे आरोग्याची माहिती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पाठवायच्या मानकात, ही क्रिया कोड चुकीचा असला तरी २००च देते, कारण प्रश्न नीट विचारला गेला आणि उत्तरही मिळालं. खरं उत्तर आत ‘रिझल्ट’ नावाच्या पॅरामीटरमध्ये असतं, हो किंवा नाही. आम्ही तो उघडून बघतच नव्हतो. त्या दिवसापासून माझी पहिली चाचणी नेहमी चुकीच्या कोडची असते. जो सर्व्हर ‘नाही’ म्हणू शकतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्याच ‘हो’वर विश्वास.

आधी यादी काढा

सर्व्हर बसवायची घाई करू नका. लॅबच्या आणि ओपीडीच्या सिस्टिममधून गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष वापरलेली नावं काढा: तपासण्या, निदानं, औषधं, एककं. शेजारी प्रत्येक नाव किती वेळा आलं तो आकडा लिहा आणि त्या क्रमाने लावा. पेशंटचं नाव, मोबाइल, आभा क्रमांक (डिजिटल मिशनमधली पेशंटची ओळख) यातलं काहीही या यादीत येऊ देऊ नका, फक्त शब्द हवेत. ‘टेस्टिंगसाठीच तर आहे’ म्हणून खरा डेटा लॅपटॉपवर घेऊन लोकलने फिरणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

यादीच्या वरच्या दोन-अडीचशे ओळींत बहुतेक रोजचं काम असतं. तेवढ्या नीट झाल्या तरी पुष्कळ. खालची लांब शेपटी, म्हणजे एकदाच कुणीतरी टाइप केलेली नावं, तिथे वेळ घालवू नका. पण ती फेकूनही देऊ नका, शोधाच्या चाचण्यांसाठी ती सोन्यासारखी आहेत.

सामग्री आणि सर्व्हर

कोड देण्याच्या प्रमाणित पद्धती अशा: निदानं आणि लक्षणांसाठी स्नोमेड सीटी, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक, एककांसाठी यूकम, आकडेवारी आणि विम्यासाठी आयसीडी-१०. भारत २०१४पासून स्नोमेडच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे आपल्याला ते फुकट वापरता येतं, फक्त परवान्यासाठी नोंदणी करावी लागते. हे काम पुण्याच्या सी-डॅकमधलं एनआरसीईएस हे केंद्र बघतं. डिजिटल मिशनचे एफएचआयआर प्रोफाइलही तेच प्रसिद्ध करतं आणि ते आर-फोर या आवृत्तीवर आधारलेले आहेत. हे आधी बघून घ्या. इंटरनेटवरची उदाहरणं हल्ली आर-फाइव्हची असतात आणि काही शब्द मधल्या मध्ये बदललेत.

सर्व्हरसाठी स्नोस्टॉर्म हा स्नोमेडच्या संस्थेचाच मुक्त सर्व्हर आहे. तो इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेवर चालतो, निदान आठ जीबी मेमरी हाताशी ठेवा. नुसतं स्नोमेड वाचायला हवं असेल तर त्याचं हलकं भावंड स्नोस्टॉर्म लाइट पुरतं. हापी एफएचआयआर आहे, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओचा ऑन्टोसर्व्हर आहे, पण त्याला परवाना लागतो. कुठला निवडायचा यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद घालता येतो. माझ्या मते खालच्या चाचण्या ज्याच्यावर पास होतात तो चांगला.

एक्सेल उघडण्यापूर्वी

हा भाग वगळून पुढे जाऊ नका, कारण माझ्या अनुभवात निम्मी दुखणी इथेच सुरू होतात.

स्नोमेडचा कोड १८ आकड्यांपर्यंत लांब असू शकतो. एक्सेल मात्र आकड्यातले पहिले १५ अंकच जपतं आणि पुढच्या जागी शून्यं भरतं. आंतरराष्ट्रीय आवृत्तीतले रोजचे कोड सहसा आखूड असतात, त्यामुळे त्यांना काही होत नाही. मार बसतो तो राष्ट्रीय विस्तारातल्या, म्हणजे देशाने स्वतः जोडलेल्या लांबलचक कोडना, म्हणजे नेमका आपल्या औषधांना. जावास्क्रिप्टमध्ये कोड आकडा म्हणून घेतला तर तिथेही सोळाव्या-सतराव्या अंकाच्या आसपास हीच गत होते. कोड हा आकडा नाही, तो मजकूर आहे. डेटाबेसमध्ये, एक्सेलच्या रकान्यात, जेसनमध्ये, सगळीकडे.

लॉइंकची तऱ्हा वेगळी. २३४५-७ हा रक्तातल्या ग्लुकोजचा कोड एक्सेलला सन २३४५चा जुलै महिना वाटतो आणि ते त्याची तारीख करून टाकतं. फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका, ‘इम्पोर्ट’मधून रकाना मजकूर म्हणून आत घ्या.

दोन्ही पद्धतींत शेवटचा अंक पडताळणीचा असतो. स्नोमेडमध्ये व्हेरहूफ पद्धतीचा, लॉइंकमध्ये मॉड-१० पद्धतीचा. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर व्हेरहूफ ते पकडतो. यासाठी सर्व्हरही लागत नाही. दहा-वीस ओळींचा कोड लिहून अख्खी यादी त्यातून एकदा गाळून घ्या.

अपेक्षित उत्तरांची वही

आता एक तक्ता करा. प्रत्येक ओळीत प्रश्न, कोणती क्रिया, अपेक्षित उत्तर आणि ते उत्तर कुणी ठरवलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. अपेक्षित उत्तर सर्व्हरला विचारून भरू नका. ती परीक्षा नव्हे, कॉपी झाली. तपासण्यांची उत्तरं पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी ठरवायची, निदानांची एखाद्या फिजिशियननी. डॉक्टरांना वेळ नसतो, तेव्हा दीडशे ओळी घेऊन जाऊ नका, रोज पंधरा न्या. आमच्या मॅडमनी सगळा तक्ता दुपारच्या डब्याच्या वेळात दोन आठवड्यांत संपवला आणि वर आमच्या यादीतल्या तीन तपासण्या आता कुणी करतच नाही, हेही सांगितलं.

ओळींपैकी निदान एक तृतीयांश ‘नाही’ उत्तराच्या असू द्या.

एकेक क्रिया

लुकअप, म्हणजे कोड देऊन नाव विचारणं, हे सोपं आहे. ४४०५४००६ दिल्यावर टाइप २ मधुमेह आला, ७१८-७ दिल्यावर रक्तातलं हिमोग्लोबिन आलं, की पुढे चला.

व्हॅलिडेट-कोडवर मात्र थांबा. एकाच कोडवर इतक्या परींनी प्रश्न विचारा: कोड बरोबर, एक अंक बदललेला, कोड बरोबर पण सोबतचं नाव दुसऱ्याच आजाराचं, स्नोमेडचा कोड पण पद्धत म्हणून लॉइंकचा पत्ता, कोड बरोबर पण या व्हॅल्यूसेटमध्ये (एखाद्या कामासाठी निवडलेल्या कोडच्या यादीत) नसलेला. पत्त्यांचं विशेष बघा. स्नोमेडचा अधिकृत पत्ता एचटीटीपीने सुरू होतो. एखादा उत्साही मुलगा सुरक्षिततेच्या नावाखाली तो एचटीटीपीएस करतो किंवा शेवटी एक स्लॅश जोडतो. हा पत्ता ब्राउझरमध्ये उघडण्यासाठी नाही, ते नुसतं नाव आहे, आणि अक्षर बदललं की नाव बदललं. सर्व्हर मग ‘ही पद्धत मला माहीत नाही’ म्हणतो. आणि तुमचा प्रोग्रॅम ‘माहीत नाही’ला ‘चालेल’ समजला, तर पुन्हा ती हिरवी टिकली.

बाद झालेले कोडही घाला. स्नोमेडच्या संकल्पनांच्या फाइलमध्ये ज्यांच्या ‘ॲक्टिव्ह’ रकान्यात शून्य आहे असे पाच कोड उचला. कोड बाद झाला तरी तो पद्धतीतून नाहीसा होत नाही, त्यामुळे सर्व्हर त्याला ‘आहे’ म्हणू शकतो आणि ते बरोबरच आहे. जुन्या पेशंटचे कागद वाचताना तो लागतो. नवीन निदान निवडायच्या यादीत मात्र तो दिसता कामा नये. म्हणजे एकाच कोडच्या दोन ओळी, दोन वेगळी अपेक्षित उत्तरं.

एक्सपांड म्हणजे व्हॅल्यूसेट उलगडून यादी देणं. इथे एका चिन्हाचा घोळ हमखास होतो. स्नोमेडच्या शोधभाषेत एक कोनकंस म्हणजे फक्त खालची पिल्लं आणि दोन कोनकंस म्हणजे पिल्लं अधिक स्वतः. मधुमेहाच्या ७३२११००९ या कोडवर एकच कंस दिला, तर ज्याच्या कागदावर प्रकार न लिहिता नुसतं मधुमेह लिहिलंय, तो पेशंट मधुमेहींच्या यादीतून गळतो. आणि ओपीडीत प्रकार लिहायला वेळ कुणाला असतो? म्हणून ‘स्वतः आहे का’ ही ओळ वहीत हवीच. मग मुद्दाम सगळी क्लिनिकल फाइंडिंग्ज, म्हणजे लक्षणं-निदानं, मागून बघा. स्नोमेडमध्ये साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत. चांगला सर्व्हर अशा वेळी तुकड्यातुकड्यांनी देतो किंवा ‘फार खर्चिक’ अशा अर्थाची चूक नीट कळवतो. वाईट सर्व्हर आडवा होतो. हे सोमवारी सकाळी भर ओपीडीत कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

सबस्यूम्सला दोन कोड द्यायचे आणि कोण कुणाच्या पोटात ते विचारायचं. ७३२११००९ आधी आणि ४४०५४००६ नंतर दिल्यावर ‘सबस्यूम्स’, उलट दिल्यावर ‘सबस्यूम्ड-बाय’. दोन्ही बाजूंनी विचारा, झालं.

मॅपिंग: इथे डॉक्टर जवळ हवा

ट्रान्सलेट ही क्रिया एका पद्धतीतला कोड दुसऱ्या पद्धतीत नेते, आणि लॅबची स्वतःची यादी लॉइंककडे न्यायचं काम तिच्यावरच असतं. लॉइंकचा कोड सहा गोष्टींनी ठरतो: काय मोजलं, कुठल्या गुणधर्माने, कुठल्या वेळी, कशात, कुठल्या मापपट्टीवर आणि लागली तर कुठल्या पद्धतीने. शुगरचं उदाहरण घ्या. लॅबच्या यादीत ‘बीएसएल’ एवढंच असतं आणि फास्टिंग की पीपी, ते टेक्निशियनच्या डोक्यात. उपाशीपोटीच्या तपासणीला १५५८-६, जेवणानंतर दोन तासांनी १५२१-४, वेळ न सांगता २३४५-७. सगळ्या शुगर २३४५-७वर टाकणं सोपं आहे आणि सर्व्हर कुरकुरही करणार नाही. पण पीपीची १६० आणि फास्टिंगची १६० यांत डॉक्टरांसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अशी ढोबळ जोडणी करावीच लागली, तर नातं खरं लिहा. आर-फोरमध्ये ‘वायडर’ म्हणजे समोरचा, ज्याच्याकडे गेलो तो कोड आपल्यापेक्षा व्यापक. फास्टिंग शुगरकडून २३४५-७कडे जाताना नातं ‘वायडर’, ‘इक्विव्हॅलंट’ नव्हे. हे निम्मे लोक उलटं वाचतात, मीही वाचत होतो. आर-फाइव्हमध्ये शब्दच बदलून ‘सोर्स इज नॅरोअर दॅन टार्गेट’ असे लांबलचक केलेत. लांब आहेत, पण गोंधळ नाही.

आता प्लेटलेट्स. पावसाळा लागला की ठाण्यात घरोघरी हा आकडा विचारला जातो आणि आपण तो लाखात बोलतो: ‘दीड लाख आहे, ठीक आहे.’ लॅबही १.५ लाख प्रति घन मिलिमीटर असंच छापते. यूकममध्ये लाख नाही. तिथे ‘१०*३/यूएल’ असं लिहितात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये किती हजार. एक घन मिलिमीटर म्हणजे एक मायक्रोलिटरच, तेव्हा दीड लाखाचे १५० व्हायला हवेत. आमच्या चाचणीत एकक बदललं आणि आकडा तसाच राहिला: १.५ हजार! डेंग्यूच्या पेशंटला रात्री अकरा वाजता फोन जावा असा आकडा. गंमत अशी की तपासणीचा कोड ७७७-३ बरोबर होता, एककही यूकमप्रमाणे बिनचूक होतं आणि टर्मिनॉलॉजी सर्व्हरने दोन्हींना ‘हो’ म्हटलं. त्याचं काम तेवढंच आहे. आकडा आणि एकक यांचा मेळ तो बघत नाही. तो पहारा तुम्हाला वेगळा बसवावा लागतो, आणि त्याच्या मर्यादा पॅथॉलॉजिस्टकडूनच घ्यायच्या.

एककांबद्दल आणखी एक. यूकममध्ये लहान-मोठ्या अक्षरांना अर्थ आहे, लहान एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा. सगळं कॅपिटलमध्ये छापणारे ॲनालायझर अजून बरेच आहेत.

आयसीडीचं थोडक्यात. डेंग्यूला जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या आयसीडी-१०मध्ये ए९० होता, २०१६च्या आवृत्तीपासून ए९७ आहे. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएममध्ये मात्र ए९०च राहिला. नेटवरून सहज मिळते ती फाइल अमेरिकेची असते. ए९७ विचारा आणि तुम्ही नक्की कुठली फाइल भरलीय ते लगेच कळेल.

शोध: डॉक्टर लिहितात तसं लिहा

निदान शोधायच्या चौकटीत डॉक्टर पुस्तकी नाव टाकत नाहीत. शेपटीतली ती एकेकदा आलेली नावं आता काढा. आपल्याकडे ब्रिटिश स्पेलिंग चालतं: ॲनिमिया, इडीमा, डायरिया या सगळ्यांत एकेक जादा स्वर असतो. स्नोमेडमध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीचे वेगळे संच आहेत. दोन्ही स्पेलिंगनी शोधून दोन्हींना उत्तर येतं का बघा आणि पडद्यावर ब्रिटिश नाव दिसतं का तेही. शब्दांचा क्रम उलटा करून, अर्धे शब्द टाकून बघा.

मग इथली खास भाषा. लूज मोशन्स. गिडिनेस. आणि ‘कॉक्स’. टीबी हा शब्द पेशंटसमोर किंवा फाइलवर नको म्हणून डॉक्टर अजूनही ‘ओल्ड कॉक्स’ लिहितात. या शोधाला टीबीच्या ५६७१७००१ या कोडच्या कुटुंबातलं काही येत नसेल, तर डॉक्टर कंटाळून रिकामी ओळ सोडतात. दर आठवड्याला ‘काही सापडलं नाही’ अशा शोधांची यादी काढा आणि वरचे दहा शब्द डॉक्टरांना विचारून स्थानिक समानार्थी शब्द म्हणून जोडा. सुधारणेचा याच्याइतका स्वस्त मार्ग मला माहीत नाही. पण दोन अर्थांची लघुरूपं, उदाहरणार्थ हृदयविकारातलं ‘एमआय’ (हार्ट अटॅक की मायट्रल झडपेची गळती), कधीही आपोआप एका कोडला बांधू नका. दोन्ही पर्याय दाखवा, डॉक्टर निवडतील.

पेशंटच्या ॲपसाठी मराठी नावं जोडणार असाल, तर एक खड्डा आधीच दाखवतो. ‘ॲलर्जी’मधला ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: युनिकोडमधलं एकच अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला वरून चंद्र जोडून. डोळ्याला दोन्ही सारखे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन त्यांना एक मानत नाही, त्यामुळे एका कीबोर्डवरून ‘ॲसिडिटी’ सापडते आणि दुसऱ्यावरून नाही. चंद्र जोडताना मध्ये न दिसणारं जोडचिन्हही घुसतं. शोधापूर्वी या सगळ्याचं एकच रूप करणारा छोटा नियम स्वतः लिहा आणि ॲनिमिया, ॲलर्जी, ॲटॅक हे तिन्ही दोन्ही तऱ्हांनी वहीत घाला.

वेग आणि आवृत्ती

टाइप करता करता शोध दिसायचा तर उत्तर पाव सेकंदाच्या आत यायला हवं, नाहीतर डॉक्टर पुढे जातात. नेहमीचे व्हॅल्यूसेट आधीच उलगडून कॅशमध्ये ठेवा. मग ओपीडीसारखी गर्दी नकली विनंत्यांनी तयार करा, आणि गर्दी चालू असतानाच सर्व्हर बंद करा. केसपेपर सेव्ह झाला पाहिजे. कोड नंतर लागला तरी चालेल, पण डॉक्टरांचे मूळ शब्द कोडशेजारच्या ‘टेक्स्ट’मध्ये जसेच्या तसे राहिलेच पाहिजेत. कोड लागल्यावरही ते पुसू नका. मॅपिंग चुकलं होतं असं वर्षभराने कळतं, तेव्हा परत जायला तेवढीच वाट उरते.

स्नोमेडची आंतरराष्ट्रीय आवृत्ती २०२२पासून दर महिन्याला येते, लॉइंक वर्षातून दोनदा. दर महिन्याला धावत सुटायची गरज नाही, आम्ही तिमाहीने घेतो. नवी आवृत्ती शेजारी वेगळ्या सर्व्हरवर भरायची, अख्खी वही जुन्या आणि नव्या दोन्हींवर चालवायची आणि फक्त फरक छापायचा. पंधरा-वीस ओळी निघतात. त्यातल्या काही खऱ्या सुधारणा असतात, काही कोड बाद झालेले असतात. त्यांच्या जागी कोण आलं, ते स्नोमेडच्या जुन्या-नव्याचा संबंध सांगणाऱ्या संचात मिळतं. प्रत्येक उत्तरासोबत कुठल्या आवृत्तीने ते दिलं, ते लॉगमध्ये लिहा. फरकाच्या ओळी छापून मॅडमकडे नेतो, डब्याच्या वेळातच. त्यांनी सही केल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करत नाही. गेल्या खेपेला त्यांनी एका ओळीवर प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला, आणि ‘एचबी नवीन’ अजून यादीत का आहे असं खाली लिहिलं होतं.